काकांबरोबर मार्काचं शुभवर्तमान वाचताना

आमच्या शेजारचे काका देव मानत नाहीत. सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. घरातला देव्हारा काकूंचा. त्या गेल्यावर काकांनी तो हलवला नाही आणि त्यापुढे दिवाही लावला नाही. गणपतीची वर्गणी देतात, नाताळात आमच्याकडच्या करंज्या आवडीनं खातात, आणि धर्माचा विषय निघाला की "ज्याचं त्याला लखलाभ" म्हणून वर्तमानपत्र उघडतात.

ह्याच काकांनी एका संध्याकाळी मला विचारलं, "तुमचा धर्म नक्की सांगतो काय? मला नीट समजावून सांग. शाळेत पोरांना सांगतेस तसं."

माझी आई जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. दफनविधीला काका आले होते. पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानातले येशूचे शब्द वाचले, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." मग आम्ही एकेक मूठ माती टाकली आणि उभ्या उभ्या गीत गायलो. काकांच्या मनात ते गाणं अडकलं होतं. "तू ढसाढसा रडत होतीस आणि गातही होतीस. नाटक करणाऱ्यातली तू नाहीस, हे मला माहीत आहे. मग ते होतं काय?"

मी नगरची, ख्रिस्ती घरातली चौथी पिढी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये नगरला. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये इथूनच निघालं. त्यामुळे ख्रिस्ती शेजारी ही नगरकरांना नवलाई नाही. पण भिंतीला भिंत लावून पिढ्यान्पिढ्या राहूनही आम्ही नेमका कशावर विश्वास ठेवतो, हे शेजाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही. केक ठाऊक असतो, रविवारची घंटा ठाऊक असते, लग्नातला पांढरा पोशाख ठाऊक असतो. त्यापलीकडचं सहसा कुणी विचारत नाही आणि विचारल्याशिवाय सांगायला आम्हीही कचरतो. काकांनी विचारलं तेव्हा मला आनंद झाला आणि दडपणही आलं.

समजावून कसं सांगायचं हे मी तरुणपणी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, युवक संघात शिकले होते. एक छोटी पुस्तिका असायची, चार आध्यात्मिक नियमांची. मूळची अमेरिकेतल्या बिल ब्राइट यांची, मराठीतही मिळायची. देव तुमच्यावर प्रीती करतो. पापामुळे माणूस देवापासून दुरावला आहे. त्या दुराव्यावर येशू ख्रिस्त हाच देवानं केलेला उपाय. आणि त्याला प्रत्येकानं स्वतः स्वीकारायला हवं. दुसरी पद्धत नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातली वचनं ओळीनं दाखवायची. तिसऱ्या अध्यायातलं तेविसावं, "सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत." सहाव्यातलं तेविसावं, पापाचं वेतन मरण, पण देवाचं कृपादान सार्वकालिक जीवन. पाचव्यातलं आठवं, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. दहाव्यातलं नववं, मुखानं कबूल करावं आणि अंतःकरणात विश्वास ठेवावा. रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी अक्षरं नसलेलं पुस्तक असतं, नुसती रंगीत पानं. काळं, लाल आणि पांढरं ह्या तीन पानांची कल्पना लंडनचे उपदेशक स्पर्जन यांनी 1866 मध्ये मांडली होती, सोनेरी पान पुढे आलं. मी आजही मुलांना ते दाखवते.

ह्या सगळ्यातला क्रम मला पटतो. देव, माणूस, ख्रिस्त आणि मग आपला प्रतिसाद, ह्यातलं काहीही गाळलं तर सुवार्ता, म्हणजे येशूबद्दलची शुभ बातमी, अपुरी राहते. पण काकांपुढे पहिल्याच वाक्याला गाडी अडली असती. "देव तुमच्यावर प्रीती करतो" हे वाक्य देव आहे असं धरून चालतं, आणि काका तिथेच थांबले आहेत. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकात पौल यहुद्यांच्या सभास्थानात जातो तेव्हा शास्त्रलेखांपासून सुरू करतो, आणि अथेन्सला जातो तेव्हा त्यांच्याच 'अज्ञात देवाच्या' वेदीपासून आणि त्यांच्याच कवींच्या ओळींपासून. ऐकणारा जिथे उभा आहे तिथून सुरुवात करावी, हे शास्त्रातच आहे. म्हणून मी काकांना म्हटलं, "देवाचं नंतर बघू. आधी येशू नावाच्या माणसाबद्दल वाचू या का? नव्या करारात येशूची चार चरित्रं आहेत, त्यांत मार्काचं शुभवर्तमान सगळ्यांत लहान आहे, सोळा अध्याय."

काकांनी अटी घातल्या. सुरुवातीला प्रार्थना नाही. मनात येईल तो प्रश्न विचारणार. आणि "विश्वास ठेवा म्हणजे कळेल" हे उत्तर चालणार नाही. माझी एकच अट, की अध्याय त्यांनी आधी स्वतः वाचायचा. मी त्यांना आमचं नेहमीचं बायबल दिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' त्यांनी स्वतःच वाचनालयातून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचू लागले.

आमच्या पाळकांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काकांना दवाखान्यात न्यायचं असेल, बिल भरायचं असेल, तर शेजारी म्हणून कर. त्याची सुवार्तेशी गाठ घालायची नाही. त्यांनी वाचन बंद केलं तरी दवाखाना बंद होता कामा नये." हे वाक्य मी ह्या कामातलं पहिलं पथ्य मानते.

दुसऱ्या अध्यायातच काका रंगले. कफर्णहूमात येशू एका घरात आहे, दारापर्यंत गर्दी आहे. चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, आत शिरता येत नाही म्हणून छत उघडतात आणि बाज खाली सोडतात. काका कर्जत तालुक्यात माळवदाच्या घरात वाढलेले. त्यांनी कागद घेतला आणि पेन्सिलीनं मला माळवद काढून दाखवलं. खाली तुळया, त्यांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, मग मातीचा जाड थर, वरून चोपलेली पांढरी माती. "हे चौघं वर गेले असतील बाहेरच्या पायऱ्यांनी. माती उकरायची म्हणजे कुदळ हवी, खोरं हवं. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती, धूळ, किडे. घरमालक बोंबलत असणार. आणि हे सगळं चालू असताना तुमचा येशू बोलायचं थांबवून वर बघत बसला असेल." गालीलातली घरंही तुळया, फांद्या आणि मातीच्याच छतांची असायची. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती माती माझ्या अंगावर कधी पडली नव्हती.

मग त्यांचा खरा प्रश्न आला. "तो माणूस पायांसाठी आला होता. येशू त्याला म्हणतो, मुला, तुझ्या पापांची तुला क्षमा झाली आहे. हे कुणी मागितलं होतं? आणि ते शास्त्री मनात म्हणतात, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तू माझे पैसे बुडवलेस आणि रस्त्यानं जाणारा तिसराच माणूस तुला म्हणाला, जा, माफ केलं; तर मी त्याला विचारेन, तू कोण?"

मला ह्याहून चांगली वाट मिळाली नसती. मी म्हटलं, "काका, तोच प्रश्न मार्काला तुमच्या तोंडून हवा आहे. येशू तिसरा माणूस असेल तर हे बोलणं उद्धटपणाचं आहे. माफ करायचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याचा. येशू तो हक्क स्वतःकडे घेतो. म्हणजे त्या माणसानं आयुष्यात जे काही वाईट केलं ते शेवटी माझ्याविरुद्ध केलं, असं तो म्हणतोय. असं एक तर वेडा म्हणेल, एक तर लबाड म्हणेल, नाहीतर ज्याला खरंच हक्क आहे तो म्हणेल." काका म्हणाले, "किंवा मागाहून कुणीतरी त्याच्या तोंडी घातलं असेल." मी म्हटलं, तीही शक्यता धरून पुढे वाचा. त्यांनी समासात खूण केली. ती खूण पुढे पुन्हापुन्हा चर्चेला आली.

इथे मध्येच पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज शांत होता, पण शब्द सरळ होते. "ताई, बाबा एकटे आहेत. त्यांना बाटवायचं वगैरे काही चाललं असेल तर मला ते आवडणार नाही." मला राग आला नाही. आजची हवा पाहता कुठल्याही मुलाच्या मनात हे येईल. मी त्याला म्हटलं, "तू सुट्टीला येशील तेव्हा आमच्यात बस. जे चाललंय ते उघड्या दारानं, गॅलरीत चाललंय." तो खरंच आला आणि बसलाही. काकांनी त्याच्यापुढे घटनेचं पंचविसावं कलम काढलं. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क त्यात आहे. आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं आहे. "तेव्हा हिनं सांगावं, मी ऐकावं, आणि माझं मी ठरवावं. ह्यात तुला काय अडचण आहे?" मीही त्याला माझी बाजू सांगितली. ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणेही माणसाचं मन वळवणं माझ्या हातात नाही, ते पवित्र आत्म्याचं काम आहे. आमिष दाखवून किंवा भीती घालून कुणी हो म्हटलं, तर तो विश्वासच नव्हे.

मुलानं मग जो प्रश्न विचारला तो मला अनेकांनी विचारला आहे. "तुमचे पणजोबा दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, असं लोक म्हणतात. खरं आहे का?" मी लपवलं नाही. 1876 ते 78 चा दुष्काळ आणि 1899-1900 चा, ह्या दोन्हींत मिशननं अन्नछत्रं चालवली, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्या काळात पुष्कळ लोक मंडळीत आले. पाऊस पडल्यावर काही परतलेही. माझे पणजोबा परतले नाहीत. त्यांच्यासाठी त्या भाकरीबरोबर आणखीही काही आलं होतं: गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला कुणीतरी शेजारी बसवून अक्षर शिकवलं आणि सांगितलं, की तुला देवानं आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केलं आहे. त्यांना पोटाची भूक होती आणि मानाचीही होती. ह्यातली एक भूक खरी आणि दुसरी खोटी, असं मला कधी वाटलं नाही.

काकांना पापाबद्दल सांगणं हा सगळ्यात अवघड भाग. ज्या खात्यात त्यांनी नोकरी केली तिथे राहूनही त्यांनी कधी कुणाच्या चहाचीसुद्धा मिंधेगिरी पत्करली नाही, हे सगळी गल्ली जाणते. अशा माणसापुढे "तुम्ही पापी आहात" म्हणायला जीभ रेटत नाही. मला ते म्हणावं लागलं नाही, कारण दहावा अध्याय आला. एक धनवान माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून काय करू. येशू आज्ञा सांगतो: खून नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, कुणाला फसवू नको, आईबापांचा मान राख. तो म्हणतो, हे सगळं मी तरुणपणापासून पाळलं आहे.

काका म्हणाले, "हा मी."

पुढे वाक्य आहे, की येशूनं त्याच्याकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. ही गोष्ट मत्तय आणि लूकही सांगतात, पण हे वाक्य फक्त मार्कात आहे. मग येशू म्हणतो, तुझ्यात एक उणं आहे; जा, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. काकांनी विचारलं, "येशूनं त्याला वाईट म्हटलं नाही. खोटारडा म्हटलं नाही. त्यानं आज्ञा पाळल्या हे मान्य केलं. मग अडलं कुठे?" आम्ही बराच वेळ ह्याच ओळींवर होतो. मी सांगितलं ते असं: त्या माणसाचं वागणं चोख आहे, पण त्याचा जीव दुसरीकडे गुंतलेला आहे, आणि येशूनं नेमकं तिथे बोट ठेवलं. देव हा माणसाच्या चांगुलपणाचा हिशेब तपासणारा नाही. त्याला माणूस सगळाच्या सगळा हवा आहे. तो आपण देत नाही, देऊही शकत नाही. शिष्य घाबरून विचारतात, मग कोणाचं तारण होणार? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, पण देवाला नाही. सुवार्ता सुरू होते ती इथे. चांगलं वागा म्हणजे देव जवळ करील, हे सांगायला कुणीही पुरे. जे आपल्याला जमत नाही ते देव स्वतः येऊन करतो, ही बातमी आहे.

"मग तो करतो काय?" काकांनी विचारलं. तेव्हा आम्ही त्याच अध्यायाच्या पंचेचाळिसाव्या वचनाशी होतो. मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला, आणि पुष्कळांच्या मुबदल्यात आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे.

वधस्तंभाबद्दल काकांचा आक्षेप जुनाच आहे आणि तो वजनदार आहे. एकाचा गुन्हा, दुसऱ्याला शिक्षा, हा न्याय नव्हे. आणि देव एवढा सर्वसमर्थ असेल तर त्यानं नुसतं माफ का करू नये? रक्त कशाला? मी त्यांना त्यांचीच एक गोष्ट आठवून दिली, काकूंनी मला कधीतरी सांगितलेली. चुलतभावाच्या पतसंस्थेच्या कर्जाला काका जामीन राहिले होते. भावानं हप्ते थकवले आणि ते काकांच्या पगारातून कापले जाऊ लागले. काकू दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे शिवून घर चालवत होत्या. शेवटी भाऊ दारात येऊन रडला आणि काका म्हणाले, जाऊ दे.

मी विचारलं, "तुम्ही माफ केलंत. मग कर्ज गेलं कुठे?"

"जातंय कुठे? मी फेडलं."

"म्हणजे नुसतं माफ करणं असं काही झालंच नाही. तुम्ही माफी दिलीत आणि रक्कमही तुम्हीच भरलीत. पतसंस्थेनं सोडलं नाही, भावानं भरलं नाही. ज्यानं माफ केलं त्याच्याच अंगावर ते आलं."

काका म्हणाले, "आणि तुझ्या काकूच्या."

मी म्हटलं, "हो, काकूंच्याही. आम्ही वधस्तंभाकडे असं बघतो. देवानं कुण्या तिसऱ्या निरपराध्याला पकडून त्याच्यावर राग काढला, असं आम्ही मानत नाही. पौल लिहितो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याचं नुकसान झालं तोच ते सोसतो. दुसऱ्या अध्यायात त्या आजारी माणसाला जी क्षमा दिली, तिची किंमत पंधराव्या अध्यायात मोजली आहे."

त्यांनी लगेच बोट ठेवलं, की पैशाचं ठीक आहे, पण खून, बलात्कार, जातीच्या नावाखाली जाळलेली घरं, ह्यांची भरपाई कुणाच्या मरणानं कशी होते? मी सांगितलं, की वधस्तंभाचा अर्थ ख्रिस्ती लोकांनी दोन हजार वर्षं अनेक तऱ्हांनी मांडला आहे. काहींनी त्यात सैतानावर आणि मरणावर मिळवलेला विजय पाहिला, काहींनी पापाचा दंड आमच्याऐवजी भरलेला पाहिला, काहींनी देवाच्या प्रीतीचा टोकाचा पुरावा. एकाच मांडणीत ते सगळं मावत नाही. पण एवढं सगळे म्हणतात, की तो आमच्यासाठी मेला, आणि वाईटाकडे डोळेझाक करून देवानं क्षमा केलेली नाही. जाळलेल्या घराला देव "जाऊ दे" म्हणत नाही. वधस्तंभावर देवाचा न्याय आणि देवाची दया एकाच जागी आहेत, म्हणून मला त्या देवावर विश्वास ठेवता येतो. नुसत्या मऊ देवावर मला, माझ्या पणजोबांची पणती म्हणून, विश्वास ठेवता आला नसता.

पंधराव्या अध्यायाच्या दिवशी मात्र ह्या कशावरच बोलणं झालं नाही. येशू वधस्तंभावरून ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" काकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि काकूंच्या शेवटच्या महिन्यांबद्दल बोलू लागले. कॅन्सर हाडात उतरला होता. ती देव्हाऱ्यापुढे बसायची आणि देव गप्प होता, असं ते म्हणाले. "तुझ्या देवानं तरी काय केलं असतं?" दुःख का येतं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आईच्या वेळीही नव्हतं. सुवार्ता ते कारण सांगत नाही. तोच प्रश्न विचारत मेलेल्या देवाच्या पुत्राकडे ती बोट दाखवते. हे मी सांगितलं आणि त्यावर पुरवणी जोडली नाही. अशा वेळी वचनांची सरबत्ती करणारे भाऊबंद मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी नेहमी सांगते, बायबलातल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस तोंड उघडलं नाही, तेवढंच त्यांनी बरं केलं.

त्याच सुमारास त्यांनी मला माझ्या झोपेत शिरणारा प्रश्न विचारला. "माझे वडील माळकरी होते. वारी कधी चुकवली नाही. खोटं बोलले नाहीत. तुझ्या हिशेबानं ते नरकात का?"

मी म्हटलं, "काका, त्या न्यायासनावर मी नाही. येशू स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हणतो, आणि त्याच्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही, असंही म्हणतो. मी ते खरं मानते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते पातळ करणार नाही. पण तुमच्या वडिलांचा न्याय ज्याच्याकडे आहे, त्याच्या हातांना खिळ्यांचे वण आहेत. तो अन्याय करणार नाही, ह्याची मला खात्री आहे."

"हे पूर्ण उत्तर नाही."

"नाही. मला माहीत आहे तेवढं आहे."

मी त्यांना टिळकांचं सांगितलं, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. नगरकराला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, वाचायचं वचन घेतलं, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं. पण तुकोबाला त्यांनी सोडलं नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. नावही नारायण वामनच राहिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. त्या कित्येक वर्षं दूर राहिल्या, तळमळल्या, भांडल्या, आणि स्वतःला पटलं तेव्हाच ख्रिस्ती झाल्या. मला ह्या दोघांत लक्ष्मीबाईंचा रस्ता अधिक शिकवतो.

"समजा पटलं, तर करायचं काय?" हा प्रश्न काकांनी अगदी व्यवहाराच्या सुरात विचारला. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशूचं पहिलं सांगणं आहे, "पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." मी म्हटलं, म्हणजे आजवर ज्याच्या आधारावर जगलो तिथून तोंड फिरवायचं आणि येशूवर भार टाकायचा. त्याच्याशी बोलायचं, आपल्याच शब्दांत. मग बाप्तिस्मा, ही त्या गोष्टीची चारचौघांसमोरची खूण. मग मंडळी, कारण हा विश्वास एकट्यानं जगायचा नाही. नाव, भाषा, जेवणखाण, गावाकडची नाती, ह्यांतलं काही टाकायला येशू सांगत नाही. पण नातेवाईक तुम्हाला टाकतील, अशी शक्यता आहे, आणि ती तुमच्यापासून लपवणं पाप होईल. येशूनंही ती लपवली नाही. आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, असं तो आधीच सांगून ठेवतो.

सोळाव्या अध्यायाला आम्ही आलो तेव्हा मी त्यांना आपणहून सांगितलं, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकनच्या प्रतींत, मार्क आठव्या वचनाला संपतो. कबर रिकामी आहे, तरुण सांगतो की तो उठला आहे, आणि मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे थरथर कापत पळून जातात, भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचनं मागाहून जोडलेली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. काका खूश झाले. "हे तू सांगितलंस हे बरं केलंस. मी नंतर कुठे वाचलं असतं तर मागचं सगळंच मला संशयास्पद वाटलं असतं."

मग मी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, पंधरावा अध्याय. हे पत्र इसवी सन 55 च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफाला, म्हणजे पेत्राला, बारा जणांना, पाचशेहून अधिक भावांना, याकोबाला दिसला. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही पौल लिहितो. म्हणजे जाऊन विचारा. मार्कातल्या साक्षीदार तर बाया आहेत. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर रचणाऱ्यानं कबरेवर पुरुष पाठवले असते.

काकांनी चारही शुभवर्तमानांतले पुनरुत्थानाचे उतारे दोन दिवस घेऊन वाचले आणि कागदावर तक्ता केला. कुठे एक तरुण, कुठे दोन पुरुष, कुठे बाया तीन, कुठे एकटी मरीया. "खात्यात मी चौकश्यांची कामं केली आहेत," ते म्हणाले. "पढवलेल्या जबान्या तंतोतंत जुळतात. ह्या तशा नाहीत. मुख्य गोष्टीत एक आहेत आणि बारीकसारीक गोष्टीत सुटलेल्या आहेत. तेव्हा हे ठरवून रचलेलं नाही, इथवर मी तुझ्याबरोबर येतो. मेलेला माणूस उठला, तिथवर येत नाही."

त्यांनी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सरळ देता आलं. मी म्हटलं, "आईच्या कबरेवर मी गात होते ते ह्याच्यामुळे. येशू उठला असेल तर माझी आई त्याच्याबरोबर उठणार आहे. उठला नसेल तर माझा विश्वास व्यर्थ आहे, हे पौलच लिहितो. मधलं काही नाही. आणि काका, तुम्हीही ह्यावर विश्वास ठेवावा असं मला मनापासून वाटतं. मी रोज रात्री त्यासाठी तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते. हे तुम्हाला माहीत असावं."

"ते मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "कर. माझी हरकत नाही." मग त्यांनी तक्त्याचा कागद बायबलमध्ये ठेवला आणि विचारलं, लूक हा वैद्य होता म्हणतात ते खरं का. कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, ते मी त्यांना दाखवलं. सध्या आम्ही लूक वाचतो आहोत. पहिला अध्याय ऐंशी वचनांचा आहे, आणि त्यातला याजक जखऱ्या मुका का झाला ह्यावर काकांचं अजून समाधान झालेलं नाही.